जोडून आलेल्या सुट्ट्यांत मुंबई पाहायला निघताना या चुका टाळा

शनिवार, रविवार आणि त्याला लागून सोमवारची सुट्टी असा योग जुळला की आमच्या डोंबिवलीच्या घरी पाहुणे उतरतात, आणि त्यांना मुंबई दाखवण्याचे काम गेली कित्येक वर्षे माझ्याकडेच आहे. पाहुणे बदलतात, चुका त्याच राहतात. प्रत्येक जण मोबाईलमध्ये ठिकाणांची यादी घेऊन येतो, पण त्यांतले कोणते ठिकाण कोणत्या वारी बंद असते याची नोंद त्या यादीत कधीच नसते.

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच आहे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, आणि त्यामुळे त्याच्या पोटातली कान्हेरी लेणीही, सोमवारीच बंद. वरळीचे नेहरू तारांगणही सोमवारीच. भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्या दाराशी असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद ठेवतात. म्हणजे तीन दिवसांच्या सुट्टीतला जो दिवस लोक लांबच्या सहलीसाठी राखून ठेवतात, नेमका तोच हाती लागत नाही.

हे शहाणपण मला आधीपासून होते असे नाही. काही वर्षांपूर्वी सोलापूरहून आत्या आणि मामा आले होते. शनिवार विश्रांतीत गेला, रविवार दादरच्या खरेदीत गेला आणि घारापुरी मी मोठ्या ऐटीत सोमवारवर टाकली. मामांनी लोकलमध्ये तिथल्या महादेवाच्या त्रिमूर्तीची माहिती आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली; डब्यातल्या दोन अनोळखी माणसांनीही ती ऐकून घेतली. बोटीसाठी गेटवे ऑफ इंडियाला पोहोचलो तर तिकिटाची खिडकी बंद. शेजारी उभ्या असलेल्या एका बोटवाल्याने, आमच्याकडे न पाहताच, लेणी आज बंद आहेत, समुद्रात एक फेरी मारायची असेल तर सांगा, असे सुनावले. आम्ही समुद्राकाठच्या कट्ट्यावर बसून सकाळी नऊ वाजताच डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर कांदा, आणि भोवती कबुतरे. आत्या बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “अगं, सोमवार तर महादेवाचाच वार, आणि त्याच दिवशी महादेवाला सुट्टी?” याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

तेव्हापासून मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या समासात बंदचे वार पेन्सिलीने लिहून ठेवते आणि सोमवार ज्यांना दारच नाही अशा जागांसाठी ठेवते. १८८८ मध्ये पूर्ण झालेली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत समोरच्या पदपथावरून निवांत पाहावी, तिथून चालत फोर्टमधून ओव्हल मैदानावर यावे आणि मैदानाच्या मध्यभागी उभे राहावे. एका हाताला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालयाच्या दगडी गॉथिक इमारती, दुसऱ्या हाताला गोलसर सज्जांच्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिकीट नाही, रांग नाही, तरीही घाईतले पाहुणे तिथे एक फोटो काढून “पुढे काय?” असे विचारतात, तेव्हा मला मनापासून राग येतो.

दुसरी चूक रेल्वेची. रविवारी मेगाब्लॉक असतो हे मुंबईकराला ठाऊक असते, पाहुण्याला नसते. रुळांची आणि तारांची कामे उरकण्यासाठी साधारण सकाळी अकरा ते दुपारी चारच्या सुमारास जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात, आणि हार्बरवर तर काही स्थानकांदरम्यान गाड्याच नसतात. शिवाय सार्वजनिक सुट्टीच्या दिवशीही रविवारचे वेळापत्रक चालते, म्हणजे गाड्या कमी आणि फिरायला निघालेली माणसे जास्त. शनिवारच्या वर्तमानपत्रात ब्लॉकचा तपशील येतो. तो मी वाचते आणि दहाच्या आत दक्षिण मुंबई गाठते. “तिथे गेल्यावर बघू” असे म्हणणारा माणूस कुर्ल्याच्या फलाटावर काय बघतो, ते मी अनेकदा पाहिले आहे. पश्चिम उपनगरांत उतरलेल्यांना मात्र आता भुयारी मेट्रो आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरेपासून थेट कफ परेडपर्यंत जाते, आणि सुट्टीच्या दिवशी टॅक्सीत अडकण्यापेक्षा ती केव्हाही बरी.

भरतीची वेळ न पाहता हाजी अलीला जाऊ नये. दर्ग्याकडे जाणारी वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे परवा जाऊन आलेल्या शेजाऱ्याने सांगितलेली वेळ आज उपयोगाची नसते. शिवडीच्या रोहित पक्ष्यांचेही (फ्लेमिंगोंचे) तसेच आहे. पूर्ण भरतीत चिखल बुडलेला असतो आणि पूर्ण ओहोटीत पक्षी दूर गेलेले असतात, म्हणून मधली वेळ गाठावी लागते. जुलैत शिवडीला जाऊन पक्षी नाहीत म्हणून तक्रार करणाऱ्यांना काय सांगावे?

एका दिवसात सात ठिकाणे पाहू नयेत; दोन पुरेत. चौपाटीवर नवे बूट घालून जाऊ नये. दुपारी एकला दादरमध्ये जेवायला जागा शोधू नये. अकराला भरपेट खावे आणि तीनला पुन्हा खावे.

घारापुरीच्या पायऱ्या चढताना खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नये. मामा पुढच्या खेपेस मुद्दाम मंगळवारी आले, त्रिमूर्तीसमोर अर्धा तास उभे राहिले, आणि उतरताना त्यांची शेंगाचटणी पिशवीसकट एका माकडाने नेली.