हॉल ऑफ फेमवर भांडायचं कसं

कोणता खेळाडू हॉल ऑफ फेममध्ये जायच्या लायकीचा, या वादाला चार माणसं पुरत नाहीत, सात-आठ लागतात. कारण शेवटी मतं टाकायची असतात आणि अमेरिकेतल्या कूपरस्टाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, जायला ७५ टक्के मतं लागतात. आठ जणांत सहा. सात जण असले तरी सहाच, सव्वापाच मतं कोणी देत नाही.

आमची बैठक रविवारी सकाळी नागपूरच्या धरमपेठेत, तर्री पोह्याच्या ठेल्याशेजारी. मी क्लब क्रिकेटचा स्कोअर लिहिते. बाकी रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, इंजिनिअरिंगची दोन-तीन पोरं आणि न्यू जर्सीत काही वर्षं काढून परत आलेला माझा भाचा. हे खूळ त्यानंच आणलं.

पोहे यायच्या आधी नियम एकदा मोठ्यानं म्हणून घ्या, म्हणजे मध्येच कोणी नवा कायदा काढत नाही. खेळाडू किमान दहा हंगाम खेळलेला हवा आणि निवृत्तीला पाच वर्षं झालेली हवीत. मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावं. दहा वर्षांत निवड झाली नाही, की पत्रकारांच्या यादीतून नाव जातं. एखाद्या वर्षी पाच टक्क्यांच्या खाली गेलात तर लगेच बाहेर. मत देणारे बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार, संघटनेत किमान दहा वर्षं काढलेले. पत्रकारांनी नाकारलेल्यांचा पुढे समित्या विचार करतात, तो दरवाजा वेगळा.

आता महत्त्वाचं. नाव घ्यायच्या आधी निकष सांगायला लावा. आमच्याकडे काका लगेच ओरडतात, "अबे, काहून नाही घेत त्याले?" मी म्हणते, काका, आधी सांगा, शिखर मोजता का कारकिर्दीची लांबी? पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सँडी कोफॅक्स घ्या, त्याचे जेमतेम १६५ विजय. पण १९६२ ते १९६६ अशी सलग पाच वर्षं त्याच्या लीगमध्ये सर्वात कमी ईआरए (नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा) त्याचाच, आणि तिसाव्या वर्षी तो थांबला. दुसरा पिचर डॉन सटन, त्याचे ३२४ विजय, पण कोफॅक्ससारखा एकही हंगाम त्याच्या खात्यावर नाही. दोघंही आत आहेत. तुम्ही कोणाच्या बाजूचे ते आधी ठरवा आणि मग सगळ्या नावांना तोच गज लावा. मी शिखरवाली आहे. अर्धं आयुष्य स्कोअरबुकात गेलं, रेंगाळत काढलेल्या धावा पाहून आता काही होत नाही.

आकड्यांत बहुतेक लोक डब्ल्यूएआर काढतात. खालच्या लीगमधून सहज उचलून आणता येईल अशा खेळाडूपेक्षा या माणसानं संघाला किती जास्त सामने जिंकून दिले, याचा तो अंदाज. अंदाज आहे, सातबारा नाही. पण नुसत्या होम रनपेक्षा (तिकडचे षटकार) बरा, कारण त्यात फिल्डिंग येते, धावणं येतं आणि मैदानही येतं.

मैदानावरून आमच्याकडे जास्त भांडणं होतात. लॅरी वॉकरचं नाव निघालं की पोरं म्हणतात, त्यानं धावा डेन्व्हरला काढल्या. खरं आहे. तिथलं मैदान कूर्स फिल्ड समुद्रसपाटीपासून सुमारे मैलभर उंच, हवा विरळ, चेंडू लांब जातो आणि वळतो कमी. २००२ पासून तिथे चेंडू दमट कपाटात ठेवायला लागले, इतका हा प्रकार गंभीर. मग मी आपलं जामठ्याचं क्रिकेट मैदान काढते. २०१५ च्या नोव्हेंबरात तिथे दक्षिण आफ्रिका ७९ वर गडगडली, अश्विननं सामन्यात बारा बळी घेतले आणि आयसीसीनं खेळपट्टीला खराब ठरवलं. ते बारा बळी वहीतून खोडता का? नाही ना. थोडे कमी मोजा, पण मोजा. वॉकरचंही तसंच करा. डेन्व्हरच्या धावांना कात्री लावा आणि मग बघा काय उरतं: सात गोल्ड ग्लव्ह (फिल्डिंगचं बक्षीस), शिवाय माँट्रियल आणि सेंट लुईसमधली वर्षं. पत्रकारांना हे पटायला दहा वर्षं लागली. २०११ मध्ये २०.३ टक्के, मध्ये घसरून १०.२, आणि शेवटच्या संधीला, २०२० मध्ये, ७६.६. गरजेपेक्षा फक्त सहा मतं जास्त.

"हॅरॉल्ड बेन्स आत आहे, मग हा का नाही?" हे वाक्य आमच्या टेबलावर बंद आहे. बेन्सला २०१९ साठी समितीनं घेतलं, ठीक आहे. पण सर्वात खालच्या पायरीला उंबरठा मानलं तर अर्धी लीग आत येईल. तुलना करायचीच तर त्याच जागेवर खेळणाऱ्या, आत गेलेल्या मधल्या खेळाडूशी करा.

स्टिरॉइडचा, म्हणजे ताकदीची औषधं घेऊन खेळल्याच्या आरोपांचा, विषय पोहे संपल्यावर घ्या, नाहीतर तर्री सांडते. बॅरी बाँड्सचे ७६२ होम रन, सात एमव्हीपी (हंगामातला सर्वात मोलाचा खेळाडू), आणि २०२२ मध्ये शेवटच्या संधीला ६६ टक्के. त्याच वर्षी डेव्हिड ऑर्टिझ पहिल्याच फटक्यात आत गेला. २००३ च्या गुप्त औषध चाचणीत सापडलेल्यांच्या यादीत ऑर्टिझचं नाव असल्याची बातमी २००९ मध्ये आली होती. त्या काळात बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, असलेले बड सेलिगही २०१७ पासून आत आहेत. मतदारांनी सचोटी आणि चारित्र्य बघावं असा नियम आहे. बघा, हरकत नाही. पण बाँड्सला लावलेला चष्मा ऑर्टिझला बघताना काढून ठेवायचा नाही. मला विचाराल तर मी बाँड्सला मत देते आणि भाचा तोंड फिरवतो.

पाच टक्क्यांचा नियम आम्ही पाळत नाही. लू व्हिटेकर डेट्रॉइटला १९ हंगाम ॲलन ट्रॅमेलच्या शेजारी खेळला, डब्ल्यूएआर सुमारे ७५, म्हणजे यांकीजचा गाजलेला डेरेक जीटर, त्याच्यापेक्षा जास्त. २००१ मध्ये त्याला २.९ टक्के मतं पडली आणि पहिल्याच वर्षी नाव कटलं. ट्रॅमेलला २०१८ मध्ये समितीच्या दरवाजानं घेतलं. व्हिटेकर अजून बाहेर. म्हणून आमच्या यादीत एक मत मिळालं तरी नाव पुढच्या वर्षी राहतं.

मतदान जानेवारीत घ्या. तिकडचा निकाल आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास येतो, आणि नागपूरच्या थंडीत त्यासाठी उठणारा माणूसच मत द्यायच्या लायकीचा. आपल्या चिठ्ठ्या मात्र निकालाच्या आधीच्या रविवारी गोळा करा, आणि चिठ्ठीवर सही हवीच. मारियानो रिव्हेरा २०१९ मध्ये सर्वच्या सर्व ४२५ मतं घेऊन गेला. जीटरचं एक मत हुकलं, २०२५ मध्ये जपानच्या इचिरोचंही एक. ती दोन मतं कोणी अडवली ते पुढे येऊन कोणी सांगितलं नाही. आमच्यात असं केलं तर पुढच्या रविवारी सगळ्यांच्या पोह्यांचे पैसे त्यानं द्यायचे. सही नसलेली चिठ्ठी मी फाडते, मग ती काकांची का असेना.