सिस्टिम अपग्रेड केली पण बूटलोडर जुनाच राहिला, तो अपडेट कसा करायचा

लिनक्सवर अपग्रेड मारलं की टर्मिनलमध्ये ग्रबचं (हाच बहुतेकांचा बूटलोडर, म्हणजे मशीन चालू झाल्यावर लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) पॅकेज अपडेट झाल्याची ओळ दिसते आणि आपण म्हणतो चला झालं. पण बरेचदा काहीच झालेलं नसतं. पॅकेज अपडेट होतं म्हणजे ग्रबच्या नव्या फायली यूएसआर फोल्डरमध्ये येऊन पडतात, मशीन चालू करताना जो ग्रब चालतो तो तिथला नसतोच, तो इन्स्टॉलच्या वेळी वेगळ्या जागी टाकलेला असतो, आणि तिथला ग्रब अपग्रेडमध्ये बदलतो की नाही ते तुमची डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरा, आर्च असा लिनक्सचा प्रकार) कुठली त्यावर.

तर आधी मशीन बायोस मोडमध्ये बूट होतंय की यूईएफआय ते बघा (मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरच्या या दोन पद्धती, बायोस जुनी आणि यूईएफआय नवी). सिस फोल्डरच्या आत फर्मवेअर आणि त्याच्या आत ईएफआय नावाचा फोल्डर दिसला तर यूईएफआय, नाहीतर बायोस.

बायोसमध्ये ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असतो, त्यातही कोडसाठी जागा ४४६ बाइटच, त्यामुळे मुख्य भाग म्हणजे कोअर इमेज त्या सेक्टरनंतर पहिल्या पार्टिशनच्या आधी जी मोकळी जागा असते तिथे बसते (जीपीटी या नव्या पद्धतीने पार्टिशन केलेल्या डिस्कवर त्यासाठी छोटं वेगळं पार्टिशन लागतं). हे काही फाइल म्हणून दिसत नाही म्हणून लोकांच्या लक्षातच येत नाही. इथे ग्रब-इन्स्टॉल कमांड रूटने चालवायची आणि पुढे डिस्कचं नाव द्यायचं, अख्ख्या डिस्कचं, म्हणजे एसडीए, एसडीए१ नाही (ते नुसतं एक पार्टिशन). डिस्क कुठली ते एलएसबीएलके या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडने आधी बघून घ्या.

डेबियन, उबुंटूवर ग्रब-पीसी पॅकेज हे काम स्वतःच करतं, पण कुठल्या डिस्कवर करायचं ते त्याने इन्स्टॉलच्या वेळी लिहून ठेवलेलं असतं. तुम्ही मधे एसएसडी टाकून जुनी डिस्क क्लोन केली असेल तर याच्या डोक्यात अजून जुनीच डिस्क. मग कोअर इमेज जुनी आणि बूट फोल्डरमधली मॉड्यूल्स (ग्रबचे बाकीचे भाग) नवी, दोघांचं जमत नाही आणि लिनक्सऐवजी सरळ ग्रब रेस्क्यूचा प्रॉम्प्ट. २०२० मध्ये बूटहोल नावाच्या सिक्युरिटी होलचे अपडेट आले तेव्हा "सिम्बॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड" असा एरर खूप जणांना आला तो याच भानगडीतून. उपाय सोपाय, डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी चालवा, यादी येईल त्यात खरी बूट डिस्क टिक करा.

यूईएफआयमध्ये सगळं ईएफआय पार्टिशनवर साध्या फायलींमध्ये असतं, म्हणून सोपं वाटतं. आधी ते पार्टिशन माउंट आहे ना, म्हणजे सिस्टिममध्ये फोल्डर म्हणून जोडलेलं आहे ना, ते बघा. मग ईएफआयबूटएमजीआर कमांड व्ही ऑप्शन लावून चालवा, फर्मवेअर नक्की कुठल्या पार्टिशनवरची कुठली फाइल उचलतंय ते त्यात दिसतं. हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण दोन डिस्क असल्या की दोन ईएफआय पार्टिशन असू शकतात, आणि माणूस एकावर अपडेट करत बसतो आणि मशीन दुसऱ्यावरून बूट होत राहतं. ग्रब-इन्स्टॉल करताना बूटलोडर-आयडी (फर्मवेअरच्या यादीत दिसणारं नाव) पूर्वीचाच द्या, नवीन नाव दिलं की शेजारी दुसरी एंट्री तयार होते आणि जुनी तशीच राहते.

फेडोरावाल्यांनी मात्र यूईएफआयवर ग्रब२-इन्स्टॉल चालवू नका. तिथे साइन केलेल्या फायली पॅकेजमधूनच थेट ईएफआय पार्टिशनवर येतात, बिघडलंच काही तर शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा साइन केलेला प्रोग्राम) आणि ग्रब२-ईएफआय ही पॅकेजेस डीएनएफने, म्हणजे फेडोराच्या पॅकेज कमांडने, रीइन्स्टॉल करायची. बायोस मशीनवर उलट, तिथे ते आपोआप होत नाही, मोठ्या अपग्रेडनंतर ग्रब२-इन्स्टॉल हातानेच.

आता सगळ्यात जास्त होणारा गोंधळ. अपडेट-ग्रब चालवलं म्हणजे ग्रब अपडेट झाला असं लोक समजतात. नाही हो. ते फक्त मेन्यूची कॉन्फिग फाइल नव्याने लिहितं (आर्चवर तेच काम ग्रब-एमकेकॉन्फिग करतं), बूटलोडरला हातही लावत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आर्चवर नेमकं हेच नडलं, नव्या पॅकेजने लिहिलेल्या कॉन्फिगमध्ये एफडब्ल्यूसेटअप कमांडचा नवा ऑप्शन होता जो आधीपासून बसवलेल्या जुन्या ग्रबला माहीतच नव्हता, आणि मशीनं बूट होईनात. म्हणून आधी ग्रब-इन्स्टॉल, मग कॉन्फिग, आणि दोन्ही झाल्यावरच रीस्टार्ट.

ग्रबऐवजी सिस्टिमडी-बूट हा दुसरा बूटलोडर वापरत असाल तर आयुष्य बरंच सुखाचं. बूटसीटीएल स्टेटस चालवलं की पार्टिशनवर कुठलं व्हर्जन बसलंय ते दिसतं, जुनं असेल तर बूटसीटीएल अपडेट, संपलं. त्याची सिस्टिमडी-बूट-अपडेट नावाची सर्व्हिस एनेबल करून ठेवली की पुढच्या बूटला ते आपोआप होतं. सिक्युअर बूटसाठी (फक्त साइन केलेलाच बूटलोडर चालू देणारी फर्मवेअरची सोय) स्वतःच्या की, म्हणजे साइन करायच्या चाव्या, वापरत असाल तर नवी फाइल परत साइन करावी लागते तेवढं बघा, नाहीतर फर्मवेअर ती चालवणारच नाही.

ज्यांचं विंडोजबरोबर ड्युअल बूट आहे त्यांनी तर टाळाटाळ करूच नये. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुने असुरक्षित बूटलोडर ब्लॉक करणारी एसबॅटची (कुठल्या व्हर्जनच्या खालचे बूटलोडर चालू द्यायचे नाहीत त्याची यादी) नवी माहिती फर्मवेअरमध्ये लिहिली, आणि ज्यांचा शिम जुना होता त्यांचं लिनक्स "एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड" म्हणून बंद. ड्युअल बूट असेल तर हे अपडेट लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, तरी झालं.

अपग्रेडच्या आधी लाइव्ह यूएसबी (ज्यावरून थेट लिनक्स चालू करता येतं असा पेनड्राइव्ह) तयार ठेवा आणि तो ज्या मोडमध्ये सिस्टिम आहे त्याच मोडमध्ये बूट होतोय ना तेही बघा, कारण बायोस मोडमध्ये चालू केलेल्या यूएसबीवरून यूईएफआयची एंट्री लिहिता येत नाही. अडकलातच तर यूएसबीवरून बूट करा, रूट पार्टिशन माउंट करा, त्याच्या आत बूट आणि ईएफआय पार्टिशन आपापल्या जागी माउंट करा, डेव्ह, प्रॉक आणि सिस बाइंड करा, सीएचरूट मारा (म्हणजे त्या डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत जा) आणि वरचीच कमांड चालवा. ईएफआय पार्टिशन माउंट करायचं विसरलात तर ग्रब-इन्स्टॉल कुरकुर करेल, तेव्हा फोर्स वगैरे ऑप्शन लावत बसू नका, माउंट करून परत चालवा.