आपटा की कांचन? मुलांकडून पान ओळखणारं यंत्र घडवून घेताना

दसऱ्याला ‘सोनं’ म्हणून हातात पडणारं पान पुष्कळदा आपट्याचं नसतंच, ते कांचनचं असतं. दोन्ही पानं टोकाला दुभंगलेली, दोन्ही बौहिनिया या एकाच प्रजातीतली. (लिनिअसने हे नाव बाउहिन आडनावाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून दिलं. दोन पाळ्यांच्या पानाला दोन भावांचं नाव!)

विज्ञान मंडळ, वाचनालयातलं सुट्टीचं शिबिर, सोसायटीतला रविवारचा गट अशा शाळेबाहेरच्या ठिकाणी कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायला हा गोंधळ फार उपयोगी पडतो. चॅटबॉटला प्रश्न विचारायचा आणि आलेलं उत्तर वहीत उतरवायचं, यातून विज्ञान शिकून होत नाही. मुलांनी स्वतः यंत्राला शिकवावं, मग त्याला फसवावं आणि ते का फसलं हे शोधून काढावं. इथे दिलेला उपक्रम १० वर्षांपुढच्या १२ ते १६ मुलांसाठी आहे. चौघाचौघांचे गट करा आणि अडीच तास हाताशी ठेवा.

साधन आहे गूगलचं ‘टीचेबल मशीन’ हे संकेतस्थळ. नमुन्याचे फोटो देऊन त्यात यंत्राला, म्हणजे संगणकातल्या प्रोग्रॅमला, वस्तू ओळखायला शिकवता येतं. ते फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि खातं उघडावं लागत नाही. संकेतस्थळ उघडायला इंटरनेट लागतं, पण शिकवण्याचं काम तुमच्याच संगणकावर होतं. तुम्ही होऊन मॉडेल (म्हणजे शिकून तयार झालेलं यंत्र) क्लाउडवर चढवलं नाही किंवा ड्राइव्हवर साठवलं नाही, तर फोटो बाहेर जात नाहीत. तरीही मुलांचे चेहरे चौकटीत येऊ देऊ नका. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर पान हातात धरलं की मागे चेहरा येतोच, आणि यंत्र पानाऐवजी तोच शिकून बसण्याची शक्यता असते. म्हणून फोटो फोनने काढा आणि लॅपटॉपवर घेऊन ‘अपलोड’ करा. गटामागे एक लॅपटॉप असला तर उत्तम, दोन गटांत एक असला तरी भागतं.

पानं जमवताना

सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. बाजारातली जुडी ‘आपटा’ म्हणून आणली आणि तीत निम्मी पानं कांचनची निघाली, तर यंत्राला आपण चुकीचंच शिकवलं. म्हणून पानं ओळख पटलेल्या झाडाचीच घ्या. गुलाबी-जांभळ्या फुलांचा कांचन दसऱ्याच्या सुमारास फुललेला असतो, त्यामुळे तो ओळखणं सोपं. आपट्याची फुलं लहान, फिकट रंगाची असतात आणि ती उन्हाळ्यात येतात. दसऱ्याच्या दिवसांत फुलं नसताना शंका असेल, तर वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या कोणाला तरी झाड दाखवून घ्या.

प्रत्येकाची २० पानं पुरतात, मात्र ती एकाच झाडाची नकोत. किमान तीन झाडांवरून घ्या, लहान-मोठी, कोवळी-जून अशी मिसळ ठेवा. कांचनची चार-पाच लहान पानं आठवणीने आणा, पुढे त्यांचं मोठं काम आहे. फांद्या ओरबाडू नका, एका फांदीवरून एखाद-दुसरं पान पुरे. आपट्याची पानं लवकर आक्रसतात, म्हणून आदल्या रात्री वर्तमानपत्राच्या घडीत घालून वर पुस्तकांचं वजन ठेवा.

आता प्रत्येक प्रकारातली ५ पानं बाजूला काढून पाकिटात घाला आणि पाकिटावर ‘परीक्षा’ लिहा. जमलं तर ही पानं अशा झाडाची असू द्या, ज्याचं एकही पान शिकवण्याच्या ढिगात नाही. कांचनच्या परीक्षेच्या पाच पानांत दोन लहान हवीत. यंत्र शिकून होईपर्यंत हे पाकीट उघडायचं नाही. परीक्षेतलाच प्रश्न आधी घोकून घेतला तर गुण मिळतात, पण कळलं किती ते समजत नाही. मुलांना हा दाखला लगेच पटतो.

आधी डोळा आणि पट्टी

संगणक उघडण्याआधी २० मिनिटं प्रत्येक गटाला सहा मिसळलेली पानं द्या. नुसत्या नजरेने दोन ढीग करायला सांगा आणि कारण लिहून घ्या. मग पट्टीने लांबी, रुंदी आणि मधल्या खाचेची खोली मोजू द्या. आपट्याचं पान साधारण ३ ते ५ सेंटिमीटरचं, लांबीपेक्षा रुंदीला जास्त आणि हाताला जाडसर लागणारं. कांचनचं वाढलेलं पान १० सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठं. हे आधी सांगून टाकू नका, मुलांच्या तक्त्यातूनच येऊ द्या. खाच किती खोल हे कांचनच्या प्रकारागणिक बदलतं, त्यामुळे ‘जास्त खाच म्हणजे कांचन’ असं कोणी म्हणालं तर पुढचं पान मोजायला द्या.

चॅटबॉट वापरायचाच असेल तर तो याच टप्प्यावर वापरा. आपटा आणि कांचनच्या पानांतले फरक त्याला विचारा, आलेली वाक्यं फळ्यावर लिहा आणि एकेक वाक्य समोरच्या पानाशी ताडून पाहा. पट्टीने खरं ठरलेल्या वाक्यापुढे बरोबरची खूण, खोटं ठरलेल्यावर काट, तपासताच न येणाऱ्यापुढे प्रश्नचिन्ह. टंकलेखन मोठ्यांनीच करावं. अशा बऱ्याच सेवांच्या अटींत वयाची मर्यादा असते, चॅटजीपीटीची किमान १३ वर्षं आहे.

पहिलं यंत्र मुद्दाम बिघडवायचं

आपट्याच्या पानांचे ३० फोटो निळ्या कार्डपेपरवर काढा, कांचनच्या पानांचे ३० पांढऱ्यावर. कागदांबद्दल अवाक्षर काढू नका. ‘इमेज प्रोजेक्ट’मधला साधा पर्याय निवडा, दोन ‘क्लास’ना (ओळखायच्या प्रकारांना) नावं द्या, फोटो चढवा आणि ‘ट्रेन मॉडेल’ दाबा. शिकणं चालू असताना ब्राउझरची टॅब बदलू नका, नाहीतर काम अडकतं. साध्या लॅपटॉपवर हे चटकन होतं.

पाकीट अजून उघडायचं नाही. शिकवलेल्यांतलंच आपट्याचं एक पान उचला, त्याचा पांढऱ्या कागदावर फोटो काढून दाखवा. यंत्र बहुधा मोठ्या खात्रीने ‘कांचन’ म्हणेल. मग पान काढून घ्या, नुसता निळा कागद दाखवा, ‘आपटा’ येईल. आता तुम्ही गप्प बसा. कोणीतरी मूल ‘ते कागद बघतंय!’ असं ओरडतंच, आणि ते त्यांच्याच तोंडून आलं पाहिजे. त्यानंतर कारण सांगा. यंत्राला ‘पान’ म्हणजे काय ते ठाऊक नसतं. दोन ढिगांतला जो फरक सर्वांत सहज हाती लागतो, तो ते धरतं. इथे तो कागदाचा रंग होता.

दुसरं यंत्र: एकच कागद, एकच उंची

आता सगळी पानं पांढऱ्या कागदावर. सारख्या उंचीच्या पुस्तकांच्या दोन थप्प्या ठेवा, त्यांवर दोन लाकडी पट्ट्या आडव्या टाका आणि भिंग मधल्या फटीत येईल असा फोन त्यांवर ठेवा. कागदापासून ३० सेंटिमीटर उंची पुरते. फ्लॅश बंद. थेट ऊन नको, खिडकी एका बाजूला असू द्या, नाहीतर फोनचीच सावली पानावर पडते. पान मधोमध हवं. यंत्र चित्राचा मधला चौकोन घेतं आणि तो २२४ बाय २२४ पिक्सेलपर्यंत लहान करतं, त्यामुळे कडेला गेलेलं पान कापलं जातं आणि बारीक लव किंवा शिरा जवळजवळ दिसेनाशा होतात.

प्रत्येक पानाचे चार फोटो काढा: पुढची बाजू, तीच फिरवून, मागची बाजू, तीही फिरवून. १५ पानांचे ६० फोटो होतात. दोन्ही प्रकारांची संख्या सारखी ठेवा. तिसरा क्लास ‘इतर’ नावाचा करा, त्यातही ६० फोटो: कोरा कागद, हात, पेन, पिंपळ, जास्वंद, कढीपत्ता. हा तिसरा क्लास नसेल तर यंत्राला ‘माहीत नाही’ म्हणताच येत नाही. पडद्यावरच्या टक्क्यांची बेरीज नेहमी १०० होते, म्हणजे पिंपळाचं पान दाखवलं तरी ते १०० टक्के आपटा आणि कांचन यांतच वाटले जातात. ‘९५ टक्के’ हा आकडा म्हणजे उत्तर ९५ टक्के बरोबर असण्याची हमी नव्हे, हे या वेळी पिंपळाचं पान हातात धरूनच दाखवा.

‘अॅडव्हान्स्ड’मधल्या आकड्यांना (इपॉक म्हणजे सगळ्या फोटोंवरून शिकण्याच्या फेऱ्या ५०, बॅच म्हणजे एका वेळी घेतलेले फोटो १६) हात लावायची गरज नाही. वेबकॅमचं ‘होल्ड टू रेकॉर्ड’ बटण मात्र टाळा. ते मुळात सेकंदाला २४ चित्रं घेतं. एकच पान दहा सेकंद धरलं की २४० फोटो जमतात, पण शिकण्यासारखं पान एकच. वर आणखी एक फसगत आहे. टीचेबल मशीन साधारण ८५ टक्के चित्रांवर शिकतं आणि उरलेली १५ टक्के स्वतःच्या चाचणीला ठेवतं. ती १५ टक्केही त्याच पानाची जवळजवळ तीच चित्रं असतात, म्हणून ‘अंडर द हूड’ या शिकण्याचे आलेख दाखवणाऱ्या भागात अचूकता झकास दिसते आणि नवं पान समोर आलं की यंत्र गडबडतं. प्रत्येक पानाचे चारच फोटो काढले तरी ही अडचण थोडी उरते. म्हणून तर पाकीट वेगळं ठेवलं.

आता पाकीट उघडा. दहा पानं, त्याच उंचीवरून, एकेक फोटो. फळ्यावर चार चौकटी काढा: आपट्याला आपटा म्हटलं, आपट्याला कांचन म्हटलं, कांचनला कांचन म्हटलं, कांचनला आपटा म्हटलं. ‘इतर’ आलं तर बाजूला नोंदवा. समजा दहापैकी सहा बरोबर आली. छापा-काटा करून उत्तरं दिली तरी सरासरी पाच बरोबर येतात, तेव्हा सहावर खूश व्हायचं का, हे मुलांना विचारा. दहाच पानांवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, गटांचे आकडे एकत्र करून पुन्हा पाहा.

चुका कुठे झाल्या तिकडे लक्ष द्या. कांचनची लहान पानं बहुतेक ‘आपटा’च्या चौकटीत सापडतील. उंची पक्की ठेवल्याने आपटा दर वेळी लहान दिसला आणि कांचन बहुतेक वेळी मोठा. यंत्राने आकार सोडून माप धरलं.

तिसरं यंत्र

मग उंची बदलती ठेवा. लहान पान असेल तर फोन खाली आणा, मोठं असेल तर वर न्या, म्हणजे प्रत्येक पान चौकटीचा जवळपास सारखाच भाग व्यापेल. फोनला अगदी जवळून स्पष्ट दिसत नसेल तर फोटो नंतर कापून घ्या. परीक्षेच्या पानांचेही असेच नवे फोटो काढा. आता मापाचा आधार गेला आणि यंत्राला कडा, पाळ्या, खाच यांवर यावं लागतं. लहान कांचन आता ओळखू येईल, पण एकंदर गुण कमीही होऊ शकतात, कारण माप ही खरोखरच कामाची खूण होती. दुसरं चांगलं की तिसरं? यावर मुलांना भांडू द्या, पण प्रत्येक दाव्यासाठी चौकटीतला आकडा मागा. घाई करून हा वाद आटपू नका, अडीच तासांतला अर्धा तास त्यासाठीच राखलेला असू द्या.

वेळ उरला तर तीच पानं, शक्य असेल तर झाडावरचीच, ‘सीक’ या ॲपला दाखवा. ते आयनॅचरलिस्ट या निसर्गनिरीक्षणांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळाचं आहे आणि खात्याशिवाय चालतं. खात्री नसेल तेव्हा ते कुळाशी किंवा प्रजातीशी थांबतं, जातीचं नाव सांगत नाही. आपल्या यंत्राला असं थांबता येत नाही, ते का, हे मुलं आता स्वतः सांगू शकतात.

निघण्यापूर्वी प्रकल्प फाइल म्हणून उतरवून घ्या, टॅब बंद केली की सगळं पुसलं जातं. परीक्षेची पानं वर्तमानपत्रात दाबून जपा. उन्हाळ्यात नवी पालवी फुटली की तीच फाइल उघडून कोवळी, पोपटी पानं दाखवा. यंत्र शिकलंय दसऱ्याच्या जून पानांवर. ते काय म्हणेल याचा अंदाज प्रत्येक मुलाकडून आधी लिहून घ्या, मगच फोटो काढा.