मराठी फाईलचा कचरा झाला? सेव्ह दाबायच्या आधी या चुका टाळा

पीक विम्याचा सीझन आला की रावेर-यावलकडचे सेंटरवाले, म्हणजे ऑनलाइन फॉर्म भरून देणारे, फोन करायला लागतात, "भो, केळीवाल्यांची यादी उघडली तर सगळा कचरा दिसून राहिला, गावांची नावं गेली." आता खरं सांगायचं तर नावं तोपर्यंत गेलेली नसतात, घाबरून सेव्ह मारलं की जातात. म्हणून कचरा दिसला की पहिले फाईल सेव्ह न करता बंद करा, तिची एक कॉपी बाजूला ठेवा आणि मग कचरा कसला आहे ते बघा.

कॉम्प्युटरकडे अक्षर नसतंच, नुसते बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे असतात, आणि कोणता बाइट म्हणजे काय हे ज्या तक्त्यावरून ठरतं तो साध्या टेक्स्ट फाईलमधे नसतो. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारी यादी, त्यात 'ळ'चा नंबर ०९३३. यूटीएफ-८ म्हणजे तो नंबर बाइटमधे लिहायची पद्धत, तिच्यात त्याचे तीन बाइट होतात, ई०, ए४, बी३ (कॉम्प्युटरवाले आकडे असे अक्षरं मिसळून लिहितात). रोजच्या मराठीतलं कुठलंही अक्षर, काना, मात्रा घ्या, तीनच बाइट आणि पहिला ई०. सीएसव्हीवर, म्हणजे स्वल्पविरामानं रकाने पाडलेल्या साध्या टेक्स्ट यादीवर, डबल क्लिक केलं की एक्सेल बऱ्याचदा हेच बाइट विंडोजच्या जुन्या १२५२ तक्त्यावरून वाचतं, आणि तिथे ई० म्हणजे डोक्यावर तिरपी काडी असलेला इंग्रजी ए. जळगाव असो की धुळे, हा काडीवाला ए परत परत दिसला तर खुश व्हा, माल शाबूत आहे. डबल क्लिक सोडा, डेटा टॅबमधून टेक्स्ट/सीएसव्ही इम्पोर्ट करा आणि फाईल ओरिजिनला ६५००१ यूटीएफ-८ निवडा. पुढे पाठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' मधेच सेव्ह करा, साध्या सीएसव्हीत नाही.

नुसती प्रश्नचिन्हं दिसत असली तर मात्र विषय संपला. कोणीतरी ती फाईल एएनएसआय (विंडोजचा जुना, मराठी नसलेला तक्ता) किंवा साध्या सीएसव्हीत सेव्ह केलीये, मराठी अक्षरांच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं गेलंय, कुठलंही सॉफ्टवेअर ते परत आणत नाही, मूळ फाईलच मागवा. चौकोनी डबे दिसले तर माल शाबूत आहे, फक्त मराठी फॉन्ट मिळत नाहीये. आणि इंग्रजी अक्षरांचा अर्थ नसलेला काला दिसला तर मॅटर श्रीलिपी नाहीतर कृतिदेवसारख्या युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टचं, तिथे एन्कोडिंग, म्हणजे बाइट वाचायचा तक्ता, बदलत बसू नका, ते युनिकोडमधे आणणारं कन्व्हर्टर लावा.

सगळ्यात डोकं खाणारी गोष्ट म्हणजे 'शेतकऱ्याचे नाव'. यातलं 'ऱ्य' एक जण ऱ, हलन्त (पाय मोडायची खूण), य असं टाइप करतो, दुसऱ्याचा कीबोर्ड र, हलन्त, न दिसणारा जॉइनर, य असं टाकतो. स्क्रीनवर दोन्ही सेम टू सेम, पण पहिल्याचे ९ बाइट आणि दुसऱ्याचे १२, मग बाइट बघून जुळवणारं सॉफ्टवेअर म्हणतं रेकॉर्ड सापडत नाही आणि लोक तेच नाव पुन्हा भरतात, डबल एंट्री होऊन बसते. युनिकोड नॉर्मलायझेशननं, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगळ्या रीती एकसारख्या करायच्या सोयीनं, हा जॉइनर निघत नाही, त्यामुळे डेटा जोडायच्या आधी फाइंड-रिप्लेस करून एकच रूप ठेवा. पण सगळीकडचे जॉइनर आंधळेपणानं उडवू नका, उडवले तर 'र्य' होतो आणि रफार वर जाऊन बसतो.

मेसेजचंही तसंच आहे. इंग्रजी एसएमएसमधे १६० अक्षरं बसतात, साध्या युनिकोड मराठीत ७० आणि त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजतात, म्हणून एका मेसेजला दोन मेसेजचे पैसे कापले की ऑपरेटरशी भांडू नका.

डेटाबेसमधे कॉलमची लांबी बाइटमधे ठरवली असेल तर अजून गंमत. 'मुक्ताईनगर' डोळ्याला छोटं दिसतं, पण त्यात १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. कॉलम २० बाइटचा ठेवून सिस्टीमनं आंधळेपणानं कापलं तर 'मुक्ता' १८ मधे बसतं, 'ई'चे दोनच बाइट आत येतात आणि तिथे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उभं राहतं. डेटाबेसचं सॉफ्टवेअर मायएसक्यूएल असेल तर टेबल यूटीएफ८एमबी४ मधेच करा, जुन्या 'यूटीएफ८'मधे तीन बाइटपर्यंतचंच मावतं, मराठी नीट चालते म्हणून कोणाला संशय येत नाही आणि मग एखादा नावापुढे केळीचा इमोजी टाकतो, त्याला चार बाइट लागतात, आणि एंट्री एररमधे जाते.