मोहात पाडणारा पॅटर्न आपल्या अंगलटीला जमेल का, हे कापड बेतण्याआधी कसे ओळखावे

पॅटर्नच्या, म्हणजे कपड्याचे तुकडे बेतण्यासाठी छापून मिळणाऱ्या कागदी नमुन्याच्या, पाकिटावरचे चित्र आवडले, त्यासाठी कोणते कापड घ्यायचे हेही मनात ठरून गेले, की नेमक्या त्याच क्षणी पाकीट उलटे करावे. पुढच्या बाजूचे चित्र आपल्याला मोह पाडण्यासाठी असते, तर मागच्या बाजूची साध्या रेघांची आकृती शिवणारीसाठी असते. फॅशनच्या रेखाटनात मानवी आकृती डोक्याच्या नऊपट उंच काढण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात माणसाची उंची डोक्याच्या साधारण साडेसातपट असते आणि चित्रात वाढवलेली उंची बहुतेक पायांच्या वाट्याला जाते. छायाचित्र असले तरी कपडा पाठीमागे चिमटे लावून ताणलेला असू शकतो, हात मुद्दाम कमरेवर ठेवून बाजूचा झोळ झाकलेला असू शकतो. रेघांच्या आकृतीत असे काही लपत नाही. टक्स, म्हणजे आकार देण्यासाठी कापड चिमटून घातलेल्या शिवणी, कुठून निघतात, चुण्या कोणत्या जोडापासून सुटतात, बाही मुंढ्यात, म्हणजे खांद्याजवळच्या बाहीच्या जोडात, बसवली आहे की गळ्यापासूनच निघाली आहे, हे सारे तिथे स्पष्ट दिसते.

ही आकृती पाहताना मी स्वतःला सर्वांत आधी एकच प्रश्न विचारते: हा कपडा अंगावर नेमका कुठे टेकतो? प्रत्येक कपड्याचा भार शरीराच्या एखाद्या ठिकाणी पेलला जातो. शर्ट, कोट आणि सरळ झगा खांद्यावर टेकतात, स्कर्ट आणि पँट कमरेवर, तर छातीखाली जोड असलेला झगा खांद्यावर टेकत असला तरी त्याचा सगळा तोल त्या जोडावर अवलंबून असतो. टेकण्याच्या जागी आपले माप आणि पॅटर्नने गृहीत धरलेले माप जुळत असेल, तर त्याखालच्या बहुतेक गोष्टी कमीजास्त करता येतात. तिथेच अंतर असेल, तर खाली शिलाईत कितीही माया, म्हणजे जादा कापड, ठेवली तरी कपडा सरळ पडत नाही. अंगलटीला फळांची नावे देऊन ‘या बांध्याला हे शोभते’ असे सांगणारी वर्गवारी मला म्हणूनच अपुरी वाटते. कंबर बारीक आणि सीट (नितंबांचा घेर) रुंद असलेल्या दोन स्त्रियांपैकी एकीचे खांदे सरळ व रुंद असतात, दुसरीचे उतरते असतात. रुंद गळ्याचा एकच टॉप पहिलीच्या खांद्यावर जागेवर राहतो आणि दुसरीच्या खांद्यावरून दिवसभर घसरत राहतो, मग फळाचे नाव दोघींचे एकच असले तरी त्याचा काय उपयोग?

छातीखाली जोड आणि तिथून चुण्या असलेला एक झगा मला एकदा इतका आवडला की मापे न तपासताच मी कापड बेतले. शिवून अंगात घातल्यावर तो जोड छातीखाली बसण्याऐवजी उभारावरच चढला, चुण्या तिथूनच फुटल्या आणि पुढचा काठ मागच्यापेक्षा वर उचलला गेला. उसवून जोड खाली घ्यावा, तर वरच्या तुकड्यात तेवढे कापडच नव्हते. खांद्याच्या मानेलगतच्या टोकापासून, छातीच्या उभारावरून, खालच्या घडीपर्यंत टेप सोडली असती, तर हे आधीच कळले असते: माझे माप पॅटर्नच्या तुकड्यावरील मापापेक्षा साडेचार सेंटिमीटर जास्त होते. छातीखाली किंवा कमरेवर जोड असलेला कोणताही पॅटर्न घेताना हे माप अवश्य घ्यावे, आणि कागदावर मोजताना शिलाईची माया वगळावी.

यानंतर पॅटर्नच्या मापाच्या क्रमांकाकडे वळावे, पण तयार कपड्यांचा क्रमांक पूर्णपणे विसरून. मोठ्या अमेरिकी पॅटर्न कंपन्यांच्या कोष्टकात १२ हा क्रमांक छाती ३४ इंच, कंबर साडेसव्वीस इंच आणि सीट ३६ इंच या मापांसाठी असतो. तयार कपड्यांत याच मापांच्या स्त्रीला बहुधा बराच लहान क्रमांक लागतो. या आकड्यांपेक्षाही त्यांच्यातील अंतरे मला अधिक बोलकी वाटतात. इथे कंबर आणि सीट यांत साडेनऊ इंचांचे अंतर आहे. आपले अंतर १३ इंच असेल, तर कमरेपासून सीटपर्यंत अंगाला चिकटणारा स्कर्ट एकाच क्रमांकात बसणार नाही, पॅटर्नच्या कागदावरील दोन क्रमांकांच्या कापण्याच्या रेषा जोडून घ्याव्या लागतील. कमरेपासून घेर सुटणाऱ्या स्कर्टला मात्र सीटचे माप फारसे बाधत नाही, तिथे कंबर जुळली की पुरे.

छातीच्या बाबतीत थोडे अधिक थांबावे लागते, कारण सर्वाधिक कपडे इथेच बिघडतात. टेप प्रथम काखेखालून, उभाराच्या वरून फिरवून वरची छाती मोजावी, मग उभाराच्या सर्वांत भरलेल्या भागावरून पूर्ण छाती मोजावी. मोठ्या कंपन्यांचे बहुतेक पॅटर्न या दोन मापांत सुमारे दोन इंचांचा, म्हणजे पाच सेंटिमीटरचा फरक धरून, म्हणजेच ब्राच्या मापातील बी कपसाठी आखलेले असतात. आपला फरक दहा सेंटिमीटर असताना पूर्ण छातीच्या मापावरून क्रमांक निवडला, तर छातीला कपडा बसतो, पण खांदे बाहुटीवर उतरतात, गळा उघडा पडतो आणि मुंढा खाली लोंबतो. अशा वेळी क्रमांक वरच्या छातीवरून निवडून फक्त उभाराच्या जागी कापड वाढवणे हा योग्य मार्ग होय. म्हणून आकृतीत छातीचे टक्स किंवा छातीवरून जाणारा उभा जोड आहे का, ते पाहावे. तो असेल तर वाढवणे सोपे जाते. समोरचा भाग एकसंध, बिनटक्सचा आणि शिवाय तिरप्या रेघांच्या छापाचा असेल, तर भरलेल्या छातीसाठी तो पॅटर्न बाजूला ठेवणे मला शहाणपणाचे वाटते.

कपडा किती सैल होणार, हेही चित्रावर सोडू नये. बहुतेक पॅटर्नवर तयार कपड्याची मापे दिलेली असतात, कधी पाकिटावर तर कधी थेट कागदी तुकड्यावर. त्यातून आपले अंगमाप वजा केले की सैलपणा हाती येतो. आपली छाती ९६ सेंटिमीटर आणि तयार माप १२२ असेल, तर तो कपडा २६ सेंटिमीटर सैल आहे, चित्रातली मुलगी त्यात कितीही सडपातळ दिसो. तयार माप ९८ असेल आणि कापड न ताणणारे असेल, तर दोन सेंटिमीटरच्या सैलपणात हात पुढे करून दारही उघडणे अवघड होईल; न ताणणाऱ्या कापडात वावरण्यापुरता छातीला साधारण पाच ते आठ सेंटिमीटर सैलपणा लागतो. तयार माप अंगमापाहून कमी दिसले, तर तो पॅटर्न ताणणाऱ्या कापडासाठीच आहे असे समजावे आणि घरात पडून असलेले सुती कापड त्यासाठी काढू नये.

सैलपणाचा आकडा नुसता वाचून डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. त्यासाठी आपल्याच कपाटातला, नेहमी हाताशी येणारा, अंगावर खरोखर खुलणारा एक कपडा काढून सपाट पसरावा आणि काखेखालची रुंदी, कमरेची रुंदी, खांद्याची लांबी, मागची लांबी आणि बाहीचा घेर मोजून एका वहीत लिहून ठेवावा. रुंदी दुप्पट केली की ती पॅटर्नवरील तयार मापांशी थेट ताडता येते. नव्या पॅटर्नची मापे या कपड्याच्या जवळपास असतील, तर निम्मी शंका तिथेच मिटते. फार वेगळी असतील, तर तितका सैल किंवा तितका घट्ट कपडा आपण कधी आवडीने घातला आहे का, हे प्रामाणिकपणे आठवावे. न आवडून कपाटाच्या तळाशी गेलेल्या कपड्याची मापेही अशीच नोंदवावीत. माझ्या वहीत ती पाने अधिक उपयोगी ठरली आहेत.

आडव्या रेषांचा विचार वेगळा करावा. काठ, कमरेचा जोड, खिशाचे तोंड आणि बाहीची कड या चार रेषा ज्या जागी येतात, तिथे पाहणाऱ्याची नजर थांबते. अनेक कंपन्यांचे स्त्रियांचे पॅटर्न साधारण १६५ ते १६८ सेंटिमीटर उंची धरून काढलेले असतात, त्यामुळे १५२ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीला गुडघ्यापर्यंतचा झगा पोटरीच्या सर्वांत भरलेल्या भागावर येऊन थांबतो. लांबी कमी करणे सोपे असते. पण नुसता काठ कापला आणि कंबर होती तिथेच राहिली, तर प्रमाण बिघडते. म्हणून पॅटर्नवर लांबी कमी-अधिक करण्याच्या रेषा कमरेच्या वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी आहेत का, ते पाहावे. अंगाला बसणारे कपडे घालून आपले समोरून एक छायाचित्र काढावे, त्यावर पातळ कागद ठेवून बाह्यरेषा उमटवावी आणि पॅटर्नच्या आकृतीतले जोड आपल्या मापांप्रमाणे त्यावर पेन्सिलीने काढावेत. पाच मिनिटांचे हे काम आरशापेक्षा खरे बोलते, कारण इथे कपडा आपल्या बाह्यरेषेवर असतो.

सुचवलेल्या कापडाकडे दुर्लक्ष करू नये. चुण्या पातळ, लवचीक कापडात अंगासरशी खाली पडतात, ताठ कापडात त्याच चुण्या पोटाभोवती फुगून उभ्या राहतात. उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरका, कापलेला स्कर्ट सीट आणि मांड्यांचा प्रत्येक वळसा दाखवतो, आणि तो आपल्याला हवा आहे का, हे आपणच ठरवायचे असते.

एवढे करूनही मन हो-नाही करत असेल, तर जुनी चादर किंवा मांजरपाट घ्यावे आणि पूर्ण कपडा न शिवता फक्त वरचा भाग, एका बाहीसह, मोठ्या टाक्यांनी जोडावा. तो घालून उभे राहावे, मग खुर्चीवर बसावे, दोन्ही हात पुढे न्यावेत आणि एक हात डोक्यावर उचलावा. काखेतून छातीच्या दिशेने तिरपे ताण पडले, तर उभाराच्या जागी कापड कमी आहे. पाठीवर आडवी घडी साचली, तर पाठीची लांबी जास्त आहे. या दोन्ही गोष्टी कागदावर दुरुस्त होतात. खांद्याची शिवण मात्र खांद्याच्या हाडावरून घसरून बाहेर गेली असेल आणि गळाही उघडा पडत असेल, तर एक क्रमांक लहान घेऊन पुन्हा एकदाच पाहावे, आणि तरीही जागेवर बसला नाही तर चांगले कापड घडी घालून परत कपाटात ठेवावे.