इम्प्लांटभोवती पू आला की लगेच गोळ्या? या चुका टाळा

दाताच्या जागी हाडात बसवलेल्या इम्प्लांटजवळची हिरडी सुजली, दाबल्यावर पू आला, की चिठ्ठीवर अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल, म्हणजे अँटिबायोटिकच्या गोळ्या. पेशंट म्हणतो, "डॉक्टर, तीन कोर्स झाले, तेवढ्यापुरतं बरं वाटतं." पुढचं मी न ऐकताच सांगू शकतो.

साफसफाई न करता गोळ्या, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. इम्प्लांटच्या खरखरीत आट्यांवर जिवाणूंचा चिकट थर बसलेला असतो, म्हणजे बायोफिल्म. औषध रक्तातून हिरडीपर्यंत पोचतं, पण धातूवरच्या त्या थरात त्याचं फारसं चालत नाही. सूज उतरते, पू थांबतो, सगळे खूश. हाड मात्र झिजतच राहतं, आणि ते झिजताना बहुधा दुखत नाही.

एका बाईंना असेच दोन कोर्स झाले होते. तिसरा मीच दिला, कबूल करतो. एक्सरेत काही दिसत नव्हतं. शेवटी हिरडी उघडली, तर जिभेच्या बाजूला कॅप बसवतानाचं जास्तीचं सिमेंट, तांदळाच्या कणीएवढं. सगळीच सिमेंटं एक्सरेत उठून दिसत नाहीत, आणि गालाच्या किंवा जिभेच्या बाजूचं इम्प्लांटच्या सावलीत लपतं, हे मला तेव्हा ठाऊक होतं. घाईत विसरलो. कणी काढली, जागा धुतली, गोळी एकही नाही. काही आठवड्यांत पू आणि रक्त दोन्ही थांबलं. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला: कॅप सिमेंटची की स्क्रूची? स्क्रूची असेल तर उघडून बघतो. सैल स्क्रूही अशीच सूज आणतो.

प्रोब, म्हणजे हिरडीच्या खाचेची खोली मोजायची बारीक सळई, लावायला घाबरणं ही दुसरी चूक. हलक्या हाताने, सहा जागी लावा, इम्प्लांटला काही होत नाही. नुसतं रक्त येतंय आणि हाड शाबूत आहे, तर ती म्युकोसायटिस, म्हणजे नुसती हिरडीची सूज. नीट साफसफाई आणि घरचं ब्रशिंग सुधारणं हाच तिचा उपचार. हाड गेलंय का, ते कॅप बसवल्यानंतरच्या एक्सरेशी ताडून ठरवा. जुना एक्सरेच नसेल, तर हिरड्यांच्या आजारांच्या 2017 च्या वर्गीकरणानुसार रक्त किंवा पू, प्रोबने मोजलेली 6 मिमी किंवा जास्त खोली आणि 3 मिमी किंवा जास्त हाड गेलेलं, हे तिन्ही असेल तर पेरी-इम्प्लांटायटिस, म्हणजे हाडापर्यंत पोचलेला आजार, समजायचं. त्यातही सर्जरीविना उपचाराला पोटात घ्यायच्या अँटिबायोटिकची जोड सरसकट देऊ नका, असंच युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडोंटॉलॉजीच्या 2023 च्या सूचना सांगतात. नवशिक्यांना हे पटत नाही. गोळी लिहायला अर्धं मिनिट लागतं, साफ करायला अर्धा तास.

दात खरवडायच्या स्टीलच्या हत्याराने, म्हणजे स्केलरने, इम्प्लांट ओरबाडू नका. टायटॅनियमचं क्युरेट, म्हणजे खरवडायचं बारीक हत्यार, घ्या.

वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, घेणाऱ्याला त्याच्या डॉक्टरांना न विचारता मेट्रोनिडाझोल देऊ नका. रक्त जास्त पातळ होतं.

घरात उरलेल्या गोळ्या घेऊन येणाऱ्या पेशंटबद्दल मी काही बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

मात्र ताप आहे, सूज गालावर किंवा गळ्याकडे पसरतेय, तोंड उघडत नाही, तर हे सगळं बाजूला ठेवा. तिथे अँटिबायोटिक त्याच दिवशी, आणि पू असेल तर त्याला वाटही त्याच दिवशी. गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल तर क्लिनिकमध्ये थांबवून न ठेवता थेट हॉस्पिटल.