कॉइलच्या खाली किती, वर किती? करंट स्वतः मोजून पाहा

हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) पाव तरंगलांबीचा उभा अँटेना म्हणजे साधारण साडेदहा मीटर उंची. यावल-रावेरकडच्या धाब्याच्या घरावर एवढा खांब कोण उभा करणार? म्हणून आपण अडीच मीटरची अॅल्युमिनियमची नळी लावतो आणि बुडाशी कॉइल जोडतो. मग हॅम मंडळींत हमखास ऐकू येतं, "नळी २१ अंशांची, उरलेले ६९ अंश कॉइल भरून काढते." (पूर्ण तरंगलांबी ३६० अंश धरली, तर पाव तरंगलांबी ९० अंश.) हे खरं असतं, तर कॉइलच्या वरच्या टोकाला खालच्या करंटचा जेमतेम ३६ टक्के भाग उरला असता, कारण अशा अँटेनात करंट बुडापासून वर कोसाइनप्रमाणे घटतो आणि ६९ अंशांची कोसाइन तेवढीच येते. वाद घालण्यापेक्षा मोजून बघू.

आधी कॉइल. शेतातल्या ५० मि.मी. पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घ्या. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे १ मि.मी. जाडीची इनॅमल तार मिळते. तारेसोबत तेवढ्याच जाडीचा नायलॉन दोरा धरून २५ वेढे गुंडाळा आणि नंतर दोरा काढून टाका. वेढे ५० मि.मी. लांबीत बसतात आणि सुमारे २१-२२ मायक्रोहेन्री इंडक्टन्स मिळते. अडीच मीटर नळीची कपॅसिटन्स अंदाजे २५ पिकोफॅरड, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झला ९०० ओहम. ती रद्द करायला एवढी कॉइल लागते. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते याचं माप) बघत एकेक वेढा कमी करा. वेढ्यांवर एपॉक्सीच्या तीन उभ्या रेघा ओढायला विसरू नका. वैशाखात भुसावळच्या उन्हात पाइप मऊ पडतो, तार सैल होते आणि जुळवलेली फ्रिक्वेन्सी सरकते.

अर्थिंगसाठी जमिनीत सळई ठोकून भागवू नका. उन्हाळ्यात काळी माती भेगाळून कोरडीठाक होते. धाब्यावर दहा-दहा मीटरच्या चार तारा पसरा.

आता मीटर, दोन अगदी सारखे. फेराइट रिंगमधून अँटेनाची तार एकदाच जाऊ द्या. रिंगवर बारीक तारेचे १० वेढे, त्यांना समांतर ५० ओहम, पुढे जर्मेनियम डायोड, ०.०१ मायक्रोफॅरड आणि रेझिस्टर लावून छोटा मायक्रोअॅमीटर. मीटर रिंगला खेटूनच बांधा. लांब वायर खाली आणली तर तीच अँटेना होते आणि आकडा खोटा येतो. सुई दुरून मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही रिंगा आधी कॉइलखालच्या तारेवर शेजारी-शेजारी ठेवून सुया जुळवा. मगच एक वर न्या. वाचन झालं की अदलाबदल करून पुन्हा घ्या. पॉवर ५ वॅटच ठेवा. तेवढ्यातही कॉइलच्या वरच्या टोकाला ५०० व्होल्टच्या आसपास असतात, तेव्हा पोरांना धाब्यावर येऊ देऊ नका. प्रक्षेपणाला परवाना लागतोच.

माझ्याकडे वरची सुई खालच्यापेक्षा किंचितच मागे राहिली. ३६ टक्क्यांच्या जवळपासही नाही. मग २५ मि.मी. पाइपवर ३० सें.मी. लांबीत १०० वेढे घेतले. इंडक्टन्स जवळपास तेवढीच, पण फरक वाढला. लांब कॉइलच्या प्रत्येक वेढ्यातून थोडा करंट हवेतल्या कपॅसिटन्सवाटे बाहेर निसटतो, म्हणून वर कमी पोचतो. म्हणजे करंट किती घटेल हे इंडक्टन्सपेक्षा कॉइलच्या आकारावर जास्त ठरतं.

फेजबाबत, म्हणजे लहरींच्या चढउताराच्या वेळेबाबत, मात्र जपून बोला. कॉइलच्या दोन टोकांमधला व्होल्टेज करंटच्या ९० अंश पुढे असतो. पण म्हणून वरचा करंट खालच्यापेक्षा ९० अंश मागे पडत नाही. ऑसिलोस्कोपवर दोन्ही करंट जवळपास एकाच फेजमध्ये दिसतील. त्यावरून कॉइलमधला विलंब शून्य आहे, असंही म्हणता येत नाही. नळीत वर जाणारी आणि टोकावरून परतणारी अशा दोन लहरी मिसळलेल्या असतात. त्यांच्या बेरजेचा फेज उंचीबरोबर फारसा बदलत नाही, बदलतं ते करंटचं प्रमाण.

पुढचा प्रयोग कॉइल नळीच्या मध्यावर नेऊन करा. वेढे बरेच वाढवावे लागतील, पण खालच्या अर्ध्या भागात करंट जवळपास भरलेला राहतो आणि रेडिएशन रेझिस्टन्स (त्याच करंटला अँटेना किती पॉवर लहरींत घालते याचं माप) वाढतो.